सुटीच्या प्रवासात कुत्र्याची काळजी

पूर्वी खेड्यातील कुटुंब बैलगाडी जुंपून जत्रेला किंवा पाहुण्यांच्या गावी निघाले, की घरचा कुत्राही मागोमाग निघत असे. दोन चाकांच्या मधल्या सावलीतून तो मुकाट्याने चाले. गाडीखालच्या कुत्र्याला गाडी आपणच ओढतो असे वाटते, अशी त्याची थट्टाही होत असे. तथापि त्या प्रवासात त्याची एक मोठी सोय होती. गाडी त्याच्या चालीने चालत होती. तहान लागली तर तो ओढ्यावर थांबे, ऊन वाढले तर सावली त्याच्या डोक्यावरच असे, आणि थकला तर झाडाखाली क्षणभर बसून पुन्हा गाडी गाठत असे. स्वतःची काळजी तो स्वतःच घेऊ शकत होता.

आता गाडी गेली आणि मोटार आली. मोटारीत बसलेल्या कुत्र्याला थांबता येत नाही, काच खाली करता येत नाही, पाणी मागता येत नाही आणि आपण कोठे चाललो आहोत हेही कळत नाही. जी काळजी पूर्वी तो स्वतः घेई, ती सर्व आता धन्याला घ्यावी लागते. सुटीच्या प्रवासात कुत्र्यावर येणारी बहुतेक संकटे या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळेच येतात. अशी संकटे बहुधा टाळता येतात; मात्र तयारी निघण्याच्या सकाळी न करता महिनाभर आधी सुरू केली पाहिजे.

उदाहरणादाखल तासगावकडील एखाद्या द्राक्षबागाईतदाराचे कुटुंब घेऊ. एप्रिलमधील खरड छाटणी उरकल्यावर मुलांच्या सुटीत हे कुटुंब रत्नागिरीकडील नातेवाइकांकडे आठ दिवसांसाठी निघाले आहे. सांगली, कोल्हापूर, मलकापूर आणि आंबा घाट असा हा सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता आहे. मुले कुत्र्याला मागे ठेवण्यास तयार नाहीत. अशा कुटुंबाने काय करावे, याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

न्यावे की ठेवावे?

पहिला प्रश्न कुत्र्याला न्यावे की नाही हा आहे. मुलांचा हट्ट हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. गाभण किंवा नुकतीच व्यालेली कुत्री, लसी पूर्ण न झालेले पिल्लू, आजारी किंवा फार वृद्ध कुत्रा आणि अनोळखी माणसावर धावून जाणारा कुत्रा यांना घरीच ठेवणे हिताचे असते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना उन्हात श्वास घेणे जड जाते, म्हणून भर उन्हाळ्यात त्यांचा दूरचा प्रवास टाळावा.

घरी ठेवावयाचे ठरले, तर ज्याच्या हातून कुत्रा नेहमी खातो अशा गड्याकडे किंवा शेजाऱ्याकडे त्याला सोपवावे. दोन वेळचे खाणे, स्वच्छ पाणी आणि रात्रीचा निवारा यांची व्यवस्था स्पष्ट सांगून जावे. वस्तीवर साखळीने बांधून आठ दिवसांची भाकरी पुढे टाकून जाणे क्रूरपणाचे आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. बांधलेल्या कुत्र्याला बिबट्यापासून पळता येत नाही. अकोले तालुक्यातील ऊसशेतीच्या भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला होता.

महिनाभर आधी : लस आणि दाखला

न्यावयाचे ठरले, तर सामानातील पहिली वस्तू म्हणजे लसीचा दाखला. पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याला निदान एक महिना आधी न्यावे. याचे कारण असे की, लस टोचल्या क्षणापासून संरक्षण मिळत नाही. प्रथमच टोचलेल्या रेबीजच्या लसीने शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन ते चार आठवडे लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी टोचलेली लस दाखल्यापुरती उपयोगी पडेल. परंतु वाटेतील पिसाळलेल्या कुत्र्यापासून ती रक्षण करील असा भरवसा धरता येत नाही.

रेबीज, म्हणजे पिसाळ रोग, हा लाळेतून पसरणाऱ्या विषाणूचा रोग आहे. चाव्याच्या जखमेतून हा विषाणू मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सरकतो. या वाटचालीस काही आठवडे किंवा महिने लागतात, आणि म्हणूनच चाव्यानंतर लगेच घेतलेल्या लसीने माणूस वाचतो. एकदा लक्षणे दिसू लागली, की जनावर काय किंवा माणूस काय, त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य असते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली. आपल्या देशात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था निघाली, आणि त्या काळी कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारासाठी शेकडो मैलांचा रेल्वेप्रवास करून त्या डोंगरात जावे लागे. आज कुत्र्याची लस तालुक्याच्या गावी मिळते. ती वेळेवर न टोचणे हा निव्वळ आळस होय, आणि त्या आळसाची किंमत घरातील मुलाला मोजावी लागू शकते. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात पहिली लस द्यावी, आणि त्यानंतरची मात्रा व दरवर्षीची लस पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे न चुकता टोचून घ्यावी.

डिस्टेंपर, पार्वो, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांवर एकत्रित लस मिळते. तिच्या वेळापत्रकात खंड पडला असेल तर तोही याच वेळी भरून काढावा. कोकणात जाणाऱ्यांनी लेप्टोस्पायरोसिसकडे विशेष लक्ष द्यावे. उंदीर-घुशींच्या मूत्रातून हा रोग साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरतो. पावसाळ्यात भातखाचरांच्या पाण्यातून तो कुत्र्यास आणि माणसासही होऊ शकतो. या लसीचे संरक्षण काही प्रकारांपुरते आणि सुमारे वर्षभराचे असते, म्हणून लस दिली असली तरी कुत्र्याला डबक्यात लोळू देऊ नये.

याच भेटीत जंताचे औषध आणि गोचिडांवरील औषध कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्यावे. गोठ्यात जनावरांसाठी आणलेले गोचिडाचे औषध अंदाजाने पाणी मिसळून कुत्र्यावर चोपडण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती अत्यंत घातक आहे. कुत्रा अंग चाटतो आणि ते औषध त्याच्या पोटात जाते.

पंधरवडा आधी : वाहनाची सवय

ज्या कुत्र्याने आजवर शेत आणि घर यांपलीकडे काही पाहिले नाही, त्याला एकदम पाच-सहा तास मोटारीत कोंडणे योग्य नाही. प्रथम उभ्या गाडीत त्याला बसवून खाऊ द्यावा. दोन दिवसांनी यंत्र चालू करून थोडा वेळ बसवावे. पुढे वस्तीपर्यंत, मग बाजाराच्या गावापर्यंत न्यावे. प्रत्येक फेरीचा शेवट त्याला आवडणाऱ्या ठिकाणी व्हावा. दवाखाना गाठण्यासाठीच गाडीत बसवलेला कुत्रा पुढच्या वेळी गाडी पाहताच पळ काढतो.

सारख्या जांभया येणे, ओठ चाटणे आणि लाळ गळणे ही गाडी लागल्याची पहिली लक्षणे होत. त्यानंतर ओकारी येते. पुष्कळ कुत्र्यांचा हा त्रास सवयीने कमी होतो. तो न थांबल्यास पशुवैद्यांकडून औषध घ्यावे. माणसाची झोपेची गोळी देऊन कुत्र्याला गुंगवू नये, कारण गुंगीत शरीराची उष्णता आवरण्याची त्याची शक्ती मंदावते.

याच काळात साध्या सूचनांची उजळणीही करून घ्यावी. हाक मारताच परत येणे आणि दार उघडले तरी सांगेपर्यंत जागेवर बसणे, या दोन सवयी रस्त्याकडेच्या थांब्यावर कुत्र्याचा जीव वाचवतात.

निघण्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी नेहमीपेक्षा हलके जेवण द्यावे. निघण्यापूर्वीच्या चार ते सहा तासांत खाणे देऊ नये, परंतु पाणी मात्र तोडू नये. पहाटे चारच्या सुमारास निघाल्यास सकाळी ऊन चढण्याच्या आत कोल्हापूर मागे पडते, आणि घाटही थंड वेळेत उतरून होतो.

कुत्र्याची जागा मागच्या बाजूस असावी. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवरून घेतलेल्या पट्ट्याने त्याला बांधावे, म्हणजे गाडीला धक्का बसला तरी गळा आवळत नाही. चालकाच्या मांडीवर कुत्रा कधीही नसावा. खिडकीतून डोके बाहेर काढून वारा घेणे कुत्र्याला आवडते, परंतु धूळ आणि खडे डोळ्यांत जाऊन इजा होते, म्हणून काच थोडीच उघडी ठेवावी.

टेंपोच्या किंवा ट्रॅक्टरच्या उघड्या हौद्यात कुत्रा बांधून नेणे हा ग्रामीण भागातील नेहमीचा प्रघात आहे. साखळी लांब असली तर कुत्रा फळीवरून उडी घेतो आणि साखळीनेच लटकतो. बांधलेला नसला तर वळणावर बाहेर फेकला जातो. खाली तापलेला पत्रा आणि वर ऊन, असा दुहेरी ताप त्याला सोसावा लागतो तो निराळाच. दुसरे वाहन नसेल तर हवेशीर पिंजरा हौद्यात घट्ट बांधून त्यावर सावली करावी. मात्र दूरचा प्रवास अशा वाहनाने टाळावा हे उत्तम.

दर दोन तासांनी थांबावे. दार उघडण्यापूर्वी साखळी हातात घ्यावी, मग कुत्र्याला उतरवावे, पाणी पाजावे आणि थोडे चालवावे. साधारणपणे कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्यास लिटर-सव्वा लिटर, आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक. हे पाणी घरचेच न्यावे. घाटातील थांब्यांवर माकडे असतात. तेथे कुत्र्याला मोकळे सोडल्यास चावाचावी होते, किंवा तो कड्याकडे धाव घेतो. आंबा घाटाच्या परिसरात २०१० साली स्थापन झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे जंगल जवळ आहे, हेही ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नये. कुत्र्यांचे रोग वन्यप्राण्यांना होतात. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता.

रेल्वेने जावयाचे असल्यास वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कक्ष आरक्षित करून कुत्रा बरोबर नेता येतो. अन्यथा त्याला गार्डाच्या डब्यातील कुत्र्यासाठीच्या पेटीत ठेवावे लागते. शयनयान किंवा वातानुकूलित दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात कुत्रा नेण्यास परवानगी नाही. नोंदणी पार्सल कार्यालयात होते, म्हणून लसीचा दाखला घेऊन गाडीच्या वेळेपूर्वी बराच अवधी ठेवून स्थानकावर जावे. गार्डाच्या डब्यातील पेटीत वारा कमी आणि आवाज मोठा असतो. उन्हाळ्यात या मार्गाचा अवलंब न केलेलाच बरा.

उष्माघात : प्रवासातील मोठा शत्रू

माणूस सर्वांगाने घाम गाळतो, तर कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तो फारच थोडा. त्याची उष्णता बाहेर जाते ती धापा टाकल्याने. तोंडातील व जिभेवरील ओलावा वाऱ्याने सुकतो आणि रक्त थंड होते. यावरून दोन गोष्टी समजतात. एक म्हणजे बंद जागेत, जेथे हवा हलत नाही, तेथे धापा टाकून उपयोग होत नाही. दुसरी म्हणजे दमट हवेत ओलावा लवकर सुकत नाही. म्हणून मे महिन्यात रत्नागिरीचा पारा तासगावपेक्षा खाली असला, तरी देशावरच्या कुत्र्याला कोकणातली दुपार अधिक जाचते.

उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कुत्रा ठेवून चहा घेण्यास जाणे हा प्रवासातील सर्वांत घातक निष्काळजीपणा होय. बंद मोटारीतील उष्णता पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सियसने वाढते, आणि अर्ध्या तासात १८ ते २० अंशांपर्यंत चढते. बाहेर ३५ अंश असतील तर मुले आइस्क्रीम खाऊन येईपर्यंत आत ४५ अंश झालेले असतात. काच चार बोटे उघडी ठेवल्याने यात विशेष फरक पडत नाही. म्हणून थांब्यावर कुटुंबातील एक माणूस नेहमी कुत्र्याबरोबर सावलीत थांबावा, आणि पाळीपाळीने इतरांनी खाऊन यावे.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या पुढे गेले की जीवाला धोका निर्माण होतो. जोराची धाप, दाट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, ओकारी आणि शेवटी बेशुद्धी, अशी लक्षणे एकामागून एक दिसतात. अशा वेळी कुत्र्याला तत्काळ सावलीत न्यावे, पोट, जांघा आणि पंजे यांवर साधे गार पाणी सतत ओतावे आणि वारा घालावा. सर्वांगाभोवती ओले पोते गुंडाळून ठेवू नये, कारण आतील उष्णता त्यात कोंडते. शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, परंतु बळेच पाजू नये. तापमान १०३ वर आले की पाणी ओतणे थांबवावे. कुत्रा उठून बसला तरी त्याला पशुवैद्यांकडे नेलेच पाहिजे, कारण मूत्रपिंड आणि रक्तावर झालेला परिणाम काही तासांनंतर दिसून येतो.

मुक्कामाच्या ठिकाणी

यजमानांना आधी कळवून त्यांची अनुमती घ्यावी. त्यांच्या घरी कोंबड्या, नुकतीच व्यालेली म्हैस, लहान मूल किंवा त्यांचा स्वतःचा कुत्रा असेल, तर कुत्र्यासाठी निराळी जागा लागते. वासराची आई अनोळखी कुत्र्याला शिंगावर घेते, याचा अनुभव प्रत्येक शेतकऱ्याला असतो. दोन्ही कुत्र्यांची ओळख अंगणात न करता बाहेर मोकळ्या जागी, दोघांच्याही साखळ्या हातात धरून करून द्यावी.

पहिले दोन-तीन दिवस कुत्र्याला मोकळे सोडू नये. नव्या जागी बावरलेला कुत्रा घराच्या शोधात वाट फुटेल तिकडे निघतो. मुधोळ किंवा कारवान जातीचा कुत्रा तर नजरेने शिकार टिपणारा आहे. ससा किंवा मांजर दिसताच तो वाऱ्यासारखा सुटतो, आणि भान येते तेव्हा आपण कोठे आहोत हे त्याला उमगत नाही. घराच्या रानात तो वासाने आणि खुणांनी परत येतो, परक्या गावात त्याला या खुणा नसतात. म्हणून गळ्यातील पट्ट्यावर धन्याचा दूरध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा, आणि कुत्र्याचे अलीकडचे छायाचित्र जवळ ठेवावे. गावी पोचताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता विचारून घ्यावा.

यजमानांच्या घरी उंदरांचे विष, फवारणीची औषधे किंवा त्यांचे रिकामे डबे कोठे आहेत याची संकोच न बाळगता चौकशी करावी. घरचा कुत्रा त्या जागा ओळखून असतो, पाहुणा कुत्रा तेथे नाक खुपसतो. रात्री त्याला घरात किंवा बंद पडवीत घ्यावे. साप आणि बिबट्या या दोहोंपासून असे रक्षण होते. साप चावल्यास जखम चिरणे, विष चोखणे किंवा मंत्रतंत्र यांत वेळ न दवडता कुत्र्याची हालचाल कमी ठेवून त्याला दवाखान्यात न्यावे.

समुद्रकिनारी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर जावे. वाळूवर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. ती सोसवत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही ती सोसणार नाही. खारे पाणी पिऊन ओकाऱ्या व हगवण होते, म्हणून गोडे पाणी बरोबर असावे. किनाऱ्यावर साखळी सोडू नये, याचे आणखी एक कारण आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यापासून वाळूत अंडी घालतात, आणि उन्हाळ्यात मेपर्यंत पिल्ले समुद्राकडे जातात. वेळास येथे २००२ सालापासून या घरट्यांचे रक्षण सुरू झाले. एक मोकाट कुत्रा काही मिनिटांत एवढ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो.

खाण्यातील पथ्य

प्रवासात कुत्र्याचे अन्न बदलू नये. भाकरी-दूध खाणाऱ्याला तेच द्यावे, आणि तयार खाद्याची सवय असल्यास आठ दिवसांचे खाद्य बरोबर न्यावे. पाहुणचारात मुले आणि वडीलधारी माणसे प्रेमाने काहीही भरवतात, म्हणून पुढील गोष्टी सर्वांना सांगून ठेवाव्यात.

द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत. बागाईतदाराच्या घरात ही गोष्ट ऐकून नवल वाटते, परंतु थोड्याशा बेदाण्यांनीही काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत. कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा अंदाज करता येत नाही. अलीकडे याचा दोष द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे जातो, आणि चिंचेतही ते असल्यामुळे चिंचही वर्ज्य समजावी. वाटेत मुलांच्या हाती असलेली बेदाण्याची पुडी कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये.

कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. म्हणून उरलेला रस्सा त्याच्या पुढ्यात ओतू नये. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ हेही विषारी आहेत. कोकणात आंब्याची कोय गिळल्याने आतडे तुंबण्याचा संभव असतो. शिजवलेली हाडे फुटून घशात किंवा आतड्यात रुततात, आणि खारवलेल्या सुक्या मासळीने मीठ अतोनात पोटात जाते. दुखण्यावरच्या माणसांच्या गोळ्या पशुवैद्यांना विचारल्याशिवाय कधीही देऊ नयेत.

सुटीत गावची जत्रा असली, तर आणखी एक दक्षता घ्यावी. बोकड-मेंढ्या कापल्यावर त्यांचे आतील टाकाऊ अवयव कुत्र्यांपुढे टाकले जातात. मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी असतील, तर त्यांतून एक बारीक फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि केसांना लागून मुलांच्या हातांवाटे तोंडात जातात. पुढे काही वर्षांनी त्याच मुलाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वाढलेली आढळते, आणि बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून कच्चे अवयव कुत्र्याला घालू नयेत, ते खोल पुरावेत, आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

चावा झालाच तर

गर्दी, परकी घरे आणि अनोळखी मुले यांमुळे शांत कुत्राही एखादे वेळी दात लावतो. दात कोणत्याही कुत्र्याचा लागला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट किंवा तेल लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी माणसाला सरकारी दवाखान्यात नेऊन लस सुरू करावी, आणि जखमेतून रक्त आले असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे लसीबरोबर जखमेत द्यावयाचे औषधही मिळते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. मात्र त्यासाठी माणसाचा उपचार थांबवू नये. कुत्रा आपलाच आहे आणि लस दिलेली आहे म्हणून दवाखान्यात जाणे टाळू नये. दाखला डॉक्टरांना दाखवावा आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

प्रवासात आपल्याच कुत्र्याला गावातील कुत्र्याने फाडले, तर त्याचीही जखम तशीच धुवावी, परंतु हातांत रबरी मोजे घालावेत. पूर्वीची लस असली तरी ताबडतोब पशुवैद्यांना भेटून पुढील मात्रा द्याव्यात.

परत आल्यावर

घरी पोचताच कुत्र्याला गोठ्यात सोडू नये. प्रथम त्याला अंगणात उभे करून कान, मान, काखा आणि बोटांच्या बेचक्या यांत गोचिडे आहेत का ते पाहावे. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा, बोटांनी चिरडू नये. पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवावे. ताप, खाणे सुटणे, फिकट हिरड्या किंवा गडद रंगाचे मूत्र दिसल्यास तो गोचीडताप असू शकतो. डोळे पिवळे दिसल्यास लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी, आणि अशा कुत्र्याचे मूत्र साफ करताना हातमोजे वापरावेत. पशुवैद्यांना प्रवास कोठे झाला होता हे अवश्य सांगावे, म्हणजे रोगनिदान लवकर होते.

बरोबर न्यावयाच्या वस्तू

१. लसीचा दाखला आणि पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक.
२. छातीचा पट्टा, मजबूत साखळी, नाव-क्रमांकाचा बिल्ला आणि मुसके.
३. पिण्याचे पाणी, पसरट भांडे आणि नेहमीचे खाद्य.
४. अंथरूण म्हणून घरचेच जुने गोणपाट किंवा घोंगडी. ओळखीच्या वासाने कुत्रा परक्या जागी लवकर झोपतो.
५. कापूस, पट्टी, जखमेवरील जंतुनाशक, तापमापक, चिमटा आणि रबरी हातमोजे.
६. विष्ठा उचलण्यासाठी कागद किंवा पिशव्या.

या तयारीस खर्च थोडा आणि लक्ष फार लागते. कुत्रा वर्षभर वस्तीची राखण करतो. पाऊस, थंडी किंवा चोर यांची सबब तो सांगत नाही. आठ दिवसांच्या सुटीत ही राखण उलट्या बाजूने करावी लागते, इतकाच काय तो फरक. घरी परतल्यावर तो गाडीतून उतरून सरळ बांधावर धावत गेला आणि नेहमीच्या जागी अंग टाकून झोपला, तर त्याचीही सुटी सुखाची झाली असे खुशाल समजावे.